डमडमच्या वाटेवरची आकडेमोड

डमडमची ओळख जगाला झाली ती एका गोळीमुळे. तेथील शस्त्रागारात १८९० च्या दशकात तयार झालेली, शरीरात शिरताच पसरणारी ती गोळी १८९९ च्या हेग परिषदेने निषिद्ध ठरवली. नाव मात्र शब्दकोशांत राहून गेले. पुढच्या पिढ्यांना डमडम म्हटले की कलकत्त्याचा विमानतळ आठवू लागला. या दोहोंच्या आड त्या परिसराची एक तिसरी ओळख झाकली गेली आहे. डमडम रोड ज्या चिडियामोड चौकात बॅरकपूर ट्रंक रोडला मिळतो, तेथून उत्तरेकडे जाणाऱ्या काही मैलांच्या पट्ट्यात भारतातील शास्त्रीय आकडेमोडीची सव्वाशे वर्षे घडली. १८३१ साली या रस्त्यावर धातूच्या पट्ट्या जमिनीलगत मांडून अंतर मोजले गेले. १९५६ साली याच रस्त्यालगतच्या एका संस्थेत देशातील पहिला अंकीय संगणक चालू झाला. मधल्या काळात जे काही मोजले गेले, ते माणसांनी मोजले: लॉगची कोष्टके उघडून, स्लाइड रूल सरकवून, पितळी यंत्राची मूठ फिरवून.

जुनी गणनयंत्रे आणि स्लाइड रूल जमवणाऱ्यांचा एक जगभर पसरलेला समुदाय आहे. स्लाइड रूलच्या संग्राहकांची ऑट्रेड सोसायटी १९९१ पासून काम करते. भारतातही हौशी मंडळी जुन्या बाजारांतून, बंद पडलेल्या कार्यालयांच्या लिलावांतून अशा वस्तू मिळवतात. परंतु या छंदात एक धोका असतो. वस्तू हाती येते, तिचा निर्माता व अनुक्रमांक कळतो, आणि शोध तेथेच थांबतो. यंत्राने काय मोजले आणि कोणी मोजले, हे प्रश्न मागे पडतात. डमडमच्या वाटेवर हे दोन्ही प्रश्न विचारता येतात, आणि त्यांची उत्तरेही बऱ्याच अंशी मिळतात.

पाईकपाड्याजवळ, बॅरकपूर ट्रंक रोडच्या कडेला, विटांचा एक उंच चौकोनी मनोरा आजही उभा आहे. त्याचा जोडीदार उत्तरेला सुखचर येथे आहे. दोहोंची उंची सुमारे ७५ फूट. महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा प्रमुख जॉर्ज एव्हरेस्ट याने १८३१-३२ च्या हिवाळ्यात या दोन मनोऱ्यांमधील, सहा मैलांहून थोडी अधिक लांब अशी आधाररेषा मोजली. हा एव्हरेस्ट मूळचा बंगाल तोफखान्याचा अधिकारी, आणि त्या तोफखान्याचे मुख्यालय त्या काळी डमडमलाच होते. त्याच्या आधीचा प्रमुख विल्यम लॅम्ब्टन काम करता करताच १८२३ साली वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे मरण पावला. त्याची कबर तेथेच आहे. लॅम्ब्टनने पोलादी साखळीने आधाररेषा मोजल्या होत्या. उन्हाने साखळी लांबते, गारव्याने आखडते. एव्हरेस्टने विलायतेहून कोल्बी पद्धतीच्या दहा फुटी पट्ट्या आणल्या. लोखंड आणि पितळ तापल्यावर वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात. या दोन धातूंच्या पट्ट्या अशा युक्तीने जोडलेल्या होत्या की तपमान बदलले तरी त्यांच्या टोकांवरील खुणांमधील अंतर स्थिर राहावे. पट्ट्या तंबूंच्या सावलीत ठेवून, सूक्ष्मदर्शकातून खुणा जुळवीत हे मोजमाप कित्येक आठवडे चालले. ब्राह्मी लिपी वाचणाऱ्या जेम्स प्रिन्सेपने त्या दृश्याचे रेखाचित्र काढून ठेवले आहे.

रेषा एकच मोजायची, बाकी सारे कोन मोजून गणिताने काढायचे, असे या सर्वेक्षणाचे तंत्र. म्हणजे जमिनीवरचे काम संपले की खरे काम सुरू होई, आणि ते करणाऱ्या माणसाच्या पदाचे नाव होते ‘कॉम्प्युटर’. हा शब्द यंत्राला चिकटण्यापूर्वी शंभराहून अधिक वर्षे माणसाच्या पगारपत्रकात होता. १८३१ च्या डिसेंबरात, म्हणजे आधाररेषेचे मोजमाप चालू असतानाच, हिंदू कॉलेजातील अठरा वर्षांचा राधानाथ शिकदार या पदावर रुजू झाला. पुढे तो मुख्य गणक झाला आणि १८४९ पासून कलकत्त्याच्या कार्यालयात राहिला. पंधराव्या क्रमांकाच्या शिखराची उंची २९,००२ फूट ठरली आणि १८५६ साली अँड्र्यू वॉ याने त्या शिखराला एव्हरेस्टचे नाव सुचवले, हे सर्वश्रुत आहे. शिकदार धावत येऊन ‘जगातील सर्वोच्च शिखर सापडले’ असे म्हणाला, ही कथा मात्र जपून घ्यावी. वॉचे कार्यालय डेहराडूनला, शिकदार कलकत्त्याला. शंभर मैलांहून अधिक अंतरावरच्या सहा ठिकाणांहून घेतलेल्या वेधांची आकडेमोड, वातावरणातील अपवर्तनाच्या दुरुस्त्यांसह, अनेक हातांनी कित्येक वर्षे केली. शिकदाराचे मोठेपण त्या धावण्यावर अवलंबून नाही. ज्या पद्धतींनी ती आकडेमोड शक्य झाली, त्या पद्धती बसवण्यात त्याचा वाटा होता.

याला लेखी पुरावा आहे आणि त्या पुराव्याची कहाणी कडू आहे. थुइलिए आणि स्मिथ यांच्या ‘मॅन्युअल ऑफ सर्व्हेइंग फॉर इंडिया’ या १८५१ च्या ग्रंथात गणिताच्या भागांसाठी शिकदाराचे ऋण प्रस्तावनेत मान्य केले होते. शिकदार १८७० साली वारला. १८७५ च्या तिसऱ्या आवृत्तीतून तो उल्लेख गळाला. त्याने लिहिलेला मजकूर मात्र तसाच राहिला. ‘फ्रेंड ऑफ इंडिया’ या इंग्रजी पत्रानेच याबद्दल कठोर शब्दांत झोड उठवली. गणक हा कारकुनासारखा समजला जाई, आणि कारकुनाचे नाव पुस्तकावर राहत नसे. महाराष्ट्रात केरूनाना छत्रे यांनीही कुलाब्याच्या वेधशाळेत उमेदवारीच्या काळात अशीच आकडेमोड केली होती. पण पुढे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ त्यांनी १८६० साली स्वतःच्या नावाने सिद्ध केला, म्हणून त्यांचे नाव टिकले.

या गणकांचे साधन कोणते? बहुतेकांची पहिली कल्पना स्लाइड रूलची होते, आणि ती चुकते. स्लाइड रूल तेव्हा दोनशे वर्षांचा जुना होता. जॉन नेपियरने १६१४ साली लॉगरिथम प्रसिद्ध केले, एडमंड गंटरने ते एका रेषेवर कोरले, आणि विल्यम ऑट्रेडने अशा दोन रेषा एकमेकींवर सरकवण्याची युक्ती काढली. तत्त्व सोपे आहे. एकापासून दहापर्यंतचे आकडे २५ सेंटिमीटरच्या पट्टीवर समान अंतराने न मांडता त्यांच्या लॉगच्या प्रमाणात मांडायचे. २ चा लॉग ०.३०१, म्हणून २ ची खूण सुमारे ७.५ सेंटिमीटरवर येते. ३ चा लॉग ०.४७७, म्हणून ३ ची खूण ११.९ सेंटिमीटरवर. ही दोन अंतरे जोडली की १९.४ सेंटिमीटरच्या आसपास जी खूण असते ती ६ ची. लांबींची बेरीज केली की संख्यांचा गुणाकार मिळतो. ज्याने बारावीला लॉग टेबल उघडले आहे, त्याला यात नवे काही नाही. कोष्टक लाकडावर कोरले आहे एवढेच.

परंतु डोळ्याला पट्टीवर तीनच अंक विश्वासाने वाचता येतात. २९,००० आणि २९,००२ या दोन संख्यांच्या खुणांमध्ये अशा पट्टीवर एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी अंतर पडेल. पुलाच्या तुळईवरचा भार किंवा बाष्पयंत्राची शक्ती काढायला तीन अंक पुरतात. जेसप कंपनीचा डमडमचा कारखाना घ्या वा अन्य कुठलाही अभियांत्रिकी कारखाना, तेथील आराखड्यांच्या टेबलावर स्लाइड रूल शोभून दिसे. सर्वेक्षकाला सात अंक लागत. म्हणून तेथे सात अंकी लॉगची जाड पुस्तके चालत, आणि त्यांपैकी एक मान्यवर कोष्टक रॉबर्ट शॉर्ट्रीड याचे होते. हा शॉर्ट्रीड मुंबई इलाख्याचा सैनिक. दख्खनच्या पठारावरून जाणारी त्रिकोणांची मालिका त्याने चालवली होती. एव्हरेस्टला त्याचे क्षेत्रावरील काम पसंत पडले नाही. त्याची १८४४ साली छापलेली कोष्टके मात्र नावाजली गेली.

स्लाइड रूलची एक सवय येथे नोंदवण्यासारखी आहे. पट्टी दशांश चिन्ह दाखवत नाही. ६, ६० आणि ०.०६ या तिन्हींसाठी खूण एकच. उत्तर किती मोठे असायला हवे, याचा अंदाज वापरणाऱ्याने आधीच मनाशी बांधायचा असतो. जुन्या अभियंत्यांची अंदाजशक्ती तल्लख होती असे म्हटले जाते. त्यात स्मरणरंजनाचा भाग असेल. पण साधनच अर्धे उत्तर देऊन थांबत असल्यामुळे उरलेले अर्धे डोक्यात तयार ठेवणे त्यांना भागच होते.

आता शतक ओलांडून याच रस्त्यावर पुढे यावे. १९२० साली नागपूरला भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेच्या अधिवेशनात प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अॅनंडेल यांनी प्रेसिडेन्सी कॉलेजातील एका तरुण भौतिकीच्या अध्यापकापुढे कलकत्त्यातील अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीरमापांची आकडेवारी ठेवली. ते अध्यापक प्रशांतचंद्र महालनोबिस. केंब्रिजहून परतताना त्यांनी ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकाचे खंड बरोबर आणले होते. नागपूरच्या त्या भेटीने त्यांना काम दिले. १९३१ च्या डिसेंबरात भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन झाली, ती प्रेसिडेन्सी कॉलेजातील त्यांच्याच खोलीत. पहिल्या वर्षाचा खर्च २३८ रुपये. पुढे ही संस्था बराहनगरला, बॅरकपूर ट्रंक रोडवर, डमडमच्या शेजारी हलली. ही जागा एव्हरेस्टच्या दोन मनोऱ्यांच्या दरम्यान येते. तो निव्वळ योगायोग. पण वाटेने जाणाऱ्याला तो चुकवता येत नाही.

संख्याशास्त्राची आकडेमोड सर्वेक्षणाच्या आकडेमोडीहून वेगळ्या घडणीची असते. सर्वेक्षक गुणाकार-भागाकार करतो, म्हणून लॉग त्याच्या सोयीचे. संख्याशास्त्रज्ञाला हजारो संख्यांचे वर्ग करून त्यांची बेरीज हवी असते, आणि बेरजेला लॉगचा काही उपयोग नाही. स्लाइड रूलही येथे कुचकामी, कारण त्याला बेरीजच येत नाही. संख्याशास्त्र विसाव्या शतकात फोफावले ते मुठीच्या यंत्रांच्या आधाराने. लंडनला कार्ल पिअर्सन यांच्या प्रयोगशाळेत ब्रुन्स्विगा यंत्रे होती. रॉथॅमस्टेडला रोनाल्ड फिशर ‘मिलियनेअर’ नावाच्या स्विस यंत्रावर काम करीत.

ब्रुन्स्विगाच्या जातीचे यंत्र चालते कसे, हे एकदा हाताने अनुभवावे. त्याचा गाभा म्हणजे ओड्नर याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सेंट पीटर्सबर्ग येथे बसवलेले दातेरी चाक. तरफ ७ वर आणली की त्या चाकातून सात दाते बाहेर येतात. मूठ एकदा फिरवली की ते सात दाते पुढच्या मोजणी-चाकाला सात घरे ढकलतात. ३४७ ला २६ ने गुणायचे तर ३४७ लावून मूठ सहा वेळा फिरवायची, खालचा सरकता भाग एक घर उजवीकडे न्यायचा, आणि आणखी दोन वेळा फिरवायची. एकूण आठ फेरे, खिडकीत ९०२२. भागाकारासाठी मूठ उलटी फिरवीत वजाबाकी करीत राहायचे. एक फेरा जास्त झाला की घंटा वाजते, एक फेरा परत घ्यायचा, आणि पुढच्या घरात जायचे.

येथवर यंत्र फक्त कष्ट वाचवते. वापरणाऱ्यांची कल्पकता पुढे सुरू होते. दोन गुणांच्या जोड्यांवरून सहसंबंध काढायचा असेल, उदाहरणार्थ उंची आणि डोक्याची रुंदी, तर पहिल्याच्या वर्गांची बेरीज, दुसऱ्याच्या वर्गांची बेरीज आणि दोहोंच्या गुणाकारांची बेरीज अशा तीन बेरजा लागतात. कुशल गणक त्या एकाच वेळी काढीत. जोडी ३ आणि ४ असेल तर तरफांवर ३००४ लावायचे आणि त्याला ३००४ ने गुणायचे. उत्तर ९०२४०१६. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून पाहावेत: ९, ०२४, ०१६. डावा गट ३ चा वर्ग, उजवा ४ चा वर्ग, मधला ३ आणि ४ यांच्या गुणाकाराची दुप्पट. आता खिडकीतले उत्तर न पुसता पुढची जोडी घ्यायची, समजा ५ आणि २. ५००२ ला ५००२ ने गुणले की २५०२०००४ त्यात मिळते आणि खिडकीत ३४०४४०२० दिसते. ३४ ही पहिल्या वर्गांची बेरीज, २० ही दुसऱ्या वर्गांची, आणि ४४ चे निम्मे २२ ही गुणाकारांची. शाळेतले (अ + ब) च्या वर्गाचे सूत्र पितळात उतरले आहे. शून्यांची जागा किती सोडायची हे मात्र आधी ठरवावे लागते. कमी सोडली तर एक बेरीज दुसरीत सांडते आणि चूक कळतही नाही. ज्यांच्याकडे असे यंत्र नाही त्यांनी हा प्रयोग मोबाइलवर करून पाहावा. फक्त गुणकाची बटणे दाबताना मनात फेरे मोजावेत. ३००४ साठी सात, ५००२ साठी सात.

या फेऱ्यांचा हिशेब लक्षात आला म्हणजे संस्थेच्या कामाचा आवाका कळतो. महालनोबिस यांनी १९३६ साली मांडलेले ‘अंतर’, म्हणजे दोन समूहांतील फरक अनेक मापे एकत्र धरून मोजण्याची रीत, आज यंत्रशिक्षणाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते आणि एका ओळीच्या आज्ञेत निघते. १९४१ साली संयुक्त प्रांतात घेतलेल्या शरीरमापांचे विश्लेषण मजुमदार, महालनोबिस आणि सी. आर. राव यांनी १९४९ साली ‘सांख्य’मध्ये प्रसिद्ध केले. त्यामागे अनेक जातिसमूहांच्या जोडीजोडीने केलेल्या गणिताचा डोंगर होता. केवळ दहा अज्ञातांची दहा एकसामयिक समीकरणे सोडवायची म्हटली तरी सुमारे ४३० गुणाकार-भागाकार करावे लागतात, आणि त्यांतील एक चुकला तर पुढचे सर्व चुकतात.

त्या आकड्यांत कधी कधी माणसांचे मरण असे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळानंतर, १९४४-४५ मध्ये, संस्थेने तीनशेहून अधिक खेड्यांतील हजारो कुटुंबांची पाहणी केली. किती मेले, किती जमीन विकली गेली, किती जण मजुरीवर किंवा भिकेला लागले, याचे नमुना-पद्धतीने अनुमान काढले आणि ते १९४६ साली प्रसिद्ध झाले. दुष्काळाच्या कारणांवर पुढे झालेल्या सगळ्या चर्चेत, अमर्त्य सेन यांच्या विवेचनातही, ही पाहणी आधारभूत राहिली आहे. सरकारला नको असलेले आकडे उभे करणे हे तेव्हा शब्दशः हाताचे काम होते.

म्हणूनच चूक पकडण्याची व्यवस्था यंत्रापेक्षाही महत्त्वाची होती. महालनोबिस यांनी एकच नमुना दोन स्वतंत्र भागांत विभागून दोन वेगळ्या तुकड्यांकडे देण्याची पद्धत रूढ केली. दोघांची उत्तरे जुळली नाहीत तर दोष कुठे तरी आहे हे उघड होई. या व्यवस्थेलाही मर्यादा होती, आणि ती दाखवली एका मराठी शास्त्रज्ञाने. सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे तेव्हा दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत होते. पिकाचे उत्पन्न अजमावण्यासाठी महालनोबिस शेतातील अगदी लहान तुकडा कापून तोलत. सुखात्मे यांनी १९४६ च्या सुमारास दाखवले की तुकडा लहान असला की त्याच्या कडेवरची रोपे आत धरण्याकडे कापणाऱ्याचा कल होतो आणि उत्पन्न फुगते. दोन्ही तुकड्या सारख्याच फसल्या तर दोघांची उत्तरे जुळतात आणि दोघांचीही चुकलेली असतात. हा वाद बरीच वर्षे चालला आणि त्यात दोन्ही बाजूंनी कटुता आली. तरीही भारतातील पीक-कापणी प्रयोगांची शिस्त त्यातूनच घडली. कोणतेही गणनयंत्र, कितीही अचूक असले तरी, शेताच्या बांधावर झालेली चूक दुरुस्त करू शकत नाही.

यंत्रे सगळी परदेशी होती. दुसऱ्या महायुद्धात त्यांची आयात दुर्मीळ झाली, तेव्हा महालनोबिस यांनी १९४३ साली गणनयंत्रे आणि वैज्ञानिक उपकरणे देशातच घडवण्यासाठी एक स्वतंत्र मंडळ उभारले. मूठ फिरवण्याच्या यंत्रांत भारत स्वावलंबी झाला असे म्हणवत नाही. परंतु त्या धडपडीतून संस्थेत हत्यारे हाती घेणारी माणसे तयार झाली. १९५३ साली समरेंद्रकुमार मित्र यांनी तेथे एक विद्युत-सदृश संगणक बांधला. वर उल्लेखिलेली दहा अज्ञातांची दहा समीकरणे हेच त्याचे लक्ष्य. समीकरणांचे गुणक विद्युत मंडलात मांडायचे आणि उत्तरे विद्युत दाबाच्या रूपात वाचायची, अशी त्याची रीत. एका अर्थी तो स्लाइड रूलचाच वंशज होता. स्लाइड रूलमध्ये संख्या लांबी होते, येथे ती व्होल्ट झाली. अचूकतेची मर्यादाही तीच.

त्यानंतर ब्रिटिश टॅब्युलेटिंग मशीन कंपनीचा एचईसी-२एम हा अंकीय संगणक जहाजाने कलकत्त्याला आला आणि १९५६ साली बराहनगरला चालू झाला. त्याची रचना लंडनच्या अँड्र्यू बूथ यांच्या आराखड्यावरून घेतलेली, आणि स्मृती एका फिरत्या चुंबकीय ढोलावर. पाठोपाठ सोव्हिएत बनावटीचा उराल आला. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संपूर्ण देशी संगणक बांधून १९६० साली कार्यान्वित केला. त्याला टिफ्रॅक हे नाव मिळाले. बराहनगरच्या संस्थेने जादवपूर विद्यापीठाबरोबर १९६६ साली आपला संगणक सिद्ध केला. एवढे होऊनही मुठीची यंत्रे लगेच गेली नाहीत. कार्यालयांत, महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत ती आणखी बरीच वर्षे खडखडत राहिली. शेवट केला तो १९७२ साली आलेल्या एचपी-३५ या खिशात मावणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कॅल्क्युलेटरने आणि त्याच्या स्वस्त होत गेलेल्या भावंडांनी. स्लाइड रूल आणि मुठीचे यंत्र ही दोन्ही घराणी त्याने काही वर्षांतच मोडीत काढली.

मोडीत शब्दशः. पितळ आणि पोलाद वजनावर विकले गेले. त्यातून वाचलेली यंत्रे आज संग्राहकांकडे येतात, आणि बंगालसारख्या दमट हवेत ती टिकवणे हे वेगळेच शास्त्र आहे. लाकडी स्लाइड रूल पावसाळ्यात फुगून अडकतात. जपानच्या हेम्मी कंपनीने बांबूचा गाभा वापरला तो याच कारणाने. बांबू ओलीने फारसा हलत नाही आणि त्याचा नैसर्गिक गुळगुळीतपणा पट्टी सहज सरकू देतो. हेम्मी विकत घेणाऱ्याने पाते पूर्ण बाहेर ओढून पाहावे, मग परत घालून मधोमध थांबते का हे पाहावे. खरी चिंता असते ती वरच्या पांढऱ्या सेल्युलॉइडची. ते नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांचे मिश्रण. वर्षानुवर्षे बंद पेटीत राहिले की ते कुजते, त्यातून नायट्रोजनची आम्ले सुटतात, पट्टी पिवळी पडते आणि शेजारचे धातूचे भाग गंजतात. अशी पट्टी इतरांपासून दूर, हवेशीर ठेवावी. पेटी सुंदर असली तरी तिचा मोह आवरावा.

मुठीच्या यंत्राचा रोग निराळा. जुने तेल घट्ट होऊन चिकट होते आणि मूठ जड वाटू लागते. नवखा माणूस तेथे जोर लावतो आणि एखादा दाता मोडतो. आधी जुने तेल विद्रावकाने धुवावे, मग घड्याळाला घालतात तसे पातळ तेल थेंबाथेंबाने द्यावे. यंत्राबरोबर एखादे जुने आकडेमोडीचे पान, तक्ता किंवा वही मिळाली तर ती यंत्राहून मोलाची समजावी. पानाच्या कोपऱ्यातील दोन आद्याक्षरे, एक गणकाचे आणि एक तपासणाऱ्याचे, हीच बहुधा त्या माणसांची शिल्लक राहिलेली एकमेव नोंद असते. बराहनगरच्या संस्थेच्या आवारात, महालनोबिस यांच्या ‘आम्रपाली’ या घरात, त्यांच्या स्मृतीचे संग्रहालय आणि अभिलेखागार आहे. कलकत्त्याला जाणाऱ्या विद्यार्थ्याने पाईकपाड्याचा मनोरा आणि हे घर एकाच दिवसात पाहावे. दोहोंमधले अंतर बसने अर्ध्या तासाचेही नाही.

यंत्र साफ झाल्यावर त्याची परीक्षा घ्यायची रीत जुन्या दुरुस्तीवाल्यांनी ठरवून ठेवलेली आहे. खिडकीतील सर्व घरांत नऊ आणावेत आणि शेवटच्या घरात एक मिळवावा. हातचा एकाकडून दुसऱ्याकडे असा डाव्या टोकापर्यंत धावत जायला हवा आणि सर्व नऊंची शून्ये व्हायला हवीत. मग मूठ उलटी फिरवून शून्यातून एक वजा करावा. सगळ्या घरांत पुन्हा नऊ उमटतात आणि घंटा वाजते. मध्येच एखादे शून्य तसेच राहिले, तर त्या घराचा हातचा नेणारा दाता झिजला आहे असे समजून यंत्र पुन्हा उघडावे.